हवा येते कुठून?

मेलबर्नला ऑनसाइट निघालेल्या प्रत्येक मराठी माणसाला विमानतळावर जाण्याआधी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, कुकर इथूनच घेऊन जा. दोन, तिकडे बर्फ पडत नाही, थंडीचं काही टेन्शन घेऊ नकोस. पहिला सल्ला सोन्यासारखा आहे. दुसरा अर्धाच खरा. बर्फ पडत नाही हे बरोबर, पण जुलैत पहाटे पारा सहा-सातवर येतो आणि इथली जुनी घरं त्या थंडीला दारातून ओवाळून आत घेतात. खिडक्यांना एकेरी काच, दाराखाली बोटभर फट, भिंतीत इन्सुलेशन असलंच तर नावापुरतं. बाहेर स्वेटर घालून फिरायचं आणि घरात आल्यावर त्यावर आणखी एक चढवायचा असा उलटा कारभार!

या घरातली सगळ्यात गार खोली म्हणजे बाथरूम. तिच्यावर उपाय म्हणून छतात एक चौकोनी पांढरी तबकडी बसवलेली असते. चार कोपऱ्यांत चार जाडजूड बल्ब, मध्ये साधा दिवा आणि त्या सगळ्याच्या मागे लपलेला एक्झॉस्ट फॅन. भिंतीवर तीन बटणं : उजेड, ऊब आणि हवा. आपण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसं इथे या वस्तूला कंपनी कुठलीही असो, बरेच लोक 'टॅस्टिक'च म्हणतात.

तर मंडळी, आजचा वीकेंड लेख या तबकडीवर. हसू नका. क्लाउड, कुबरनेटिस वगैरे सोडून हा बाथरूमच्या छताकडे का बघतोय असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विशेषतः तुमच्या स्वतःच्या किंवा आई-बाबांच्या घरात गॅसवर चालणारं काहीही असेल तर नक्कीच वाचा.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले ते नेमके जूनमध्ये. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. वायरमन म्हणून लागले, लाइन फोरमन होऊन बाहेर पडले, एकूण चौतीस वर्षं. त्यांना दम्याचा जुना त्रास. पहिल्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, हा दिवा उजेड देतोय की शेक देतोय?"

"शेक देतोय बाबा. २७५ वॉटचा एक, असे चार."

बाबांनी मनातल्या मनात गणित केलं. "म्हणजे अकराशे वॉट. पाव तास चालवला तर पाव युनिटच्या थोडं वर. चालेल. गिझरपेक्षा बरा."

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके. तीळ सांडल्यासारखे. बुरशी. दोन आठवड्यांत ते ठिपके तबकडीपर्यंत सरकले आणि बाबांचा रात्रीचा खोकला वाढला. आई म्हणायची हवाबदल आहे. बायको म्हणायची हवाबदलच आहे, पण बाथरूममधला.

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, सेमिस्टरला होतं तेवढंच आहे.

हीट लॅम्प हवा तापवत नाही. तो तुम्हाला तापवतो. आतली टंगस्टनची तार साध्या पिवळ्या बल्बपेक्षा मुद्दाम थोडी कमी तापवतात, म्हणजे उजेड कमी पडतो आणि बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते. बल्बच्या आतल्या बाजूला आरशासारखा मुलामा असतो, तो हे किरण खाली फेकतो. ते अंगावर, फरशीवर, टॉवेलवर पडतात आणि तिथे उष्णता होते. थंडीत अंगणात कोवळ्या उन्हात बसलं की बरं वाटतं आणि सावलीत सरकलं की लगेच हुडहुडी भरते, तसंच. म्हणूनच बटण दाबताक्षणी ऊब जाणवते आणि बंद करताक्षणी पळून जाते.

याचा एक तोटा आहे. खोलीतली हवा आणि भिंती गारच राहतात आणि गार हवेत वाफ मावत नाही. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकतं. १० अंशांना फक्त नऊ-साडेनऊ ग्रॅम. आमचं बाथरूम साधारण १२ घनमीटरचं. गरम शॉवरने हवा वाफेने गच्च भरली आणि नंतर ती गार झाली, तर जवळजवळ अर्धा कप पाणी नुसत्या हवेतून बाहेर पडणार. ते जाणार कुठे? आरशावर, टाइल्सवर आणि छताच्या रंगावर. हे रोज, चार माणसांच्या चार आंघोळींनंतर. बुरशीला यापेक्षा वेगळं आमंत्रण काय लागतं!

हे पाणी बाहेर नेणं हे तिसऱ्या बटणाचं काम. ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम नियमांत बाथरूमच्या फॅनला सेकंदाला किमान २५ लिटर हवा खेचता आली पाहिजे असं म्हटलंय. हा आकडा छोटा वाटतो, पण तासाला ९० घनमीटर होतात. म्हणजे आमच्या बाथरूममधली सगळी हवा एकदा बदलायला आठ मिनिटं. २०२२ च्या नियमांनुसार नव्या घरात बाथरूमला खिडकी नसेल तर दिवा बंद केल्यावरही फॅन दहा मिनिटं चालू राहील असा टायमर लावावा लागतो. एवढा वेळ का लागतो याचा अंदाज या हिशोबावरून येतो. आंघोळ झाली, टॉवेल गुंडाळला, बटण बंद केलं, याने काही होत नाही. वाफ तिथेच असते.

आमचा फॅन आवाज तर भरपूर करायचा. पण काम करतो का? याची एक फुकट टेस्ट आहे. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करा, फॅन लावा आणि कागद जाळीजवळ धरा. चिकटून राहिला तर ठीक. आमचा कागद संथपणे तरंगत बाबांच्या खांद्यावर येऊन बसला.

शनिवारी सकाळी मोहीम काढली. मी स्टूलवर, बाबा खाली. सूत्रं अर्थातच खालच्या माणसाकडे. "आधी मेन बंद कर. नुसतं बटण नाही. मेन." बोर्डावरचं ते सर्किट पाडलं. "आता बल्ब गार होऊ दे. अर्धा तास." मी म्हटलं, बाबा, सकाळपासून लावलेलेच नाहीत. "तरी हात लावून बघू नकोस, आधी मागचा हात जवळ नेऊन बघ." चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस अजून दहा बोटांनिशी शाबूत का आहे, ते अशा वेळी कळतं.

तुम्हाला करायचं असेल तर क्रम असा. बल्ब पूर्ण गार झाल्यावरच पिळून काढायचे. तापलेल्या बल्बवर ओला फडका लावला किंवा पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकू शकते. काढलेले बल्ब कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. होल्डर काळवंडलाय का, बल्बची पितळी टोपी सैल झाली आहे का, ते बघायचं. असेल तर तो बल्ब परत लावायचा नाही. नवा घ्यायचा तर तेवढ्याच वॉटचा आणि हीट लॅम्प म्हणूनच बनवलेला, जाड काचेचा. मग वरची प्लॅस्टिकची तबकडी उतरवायची, कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची आणि खडखडीत वाळवायची. वरचं धूळ-जाळं व्हॅक्यूमच्या ब्रशने ओढून घ्यायचं. पाण्याचा फवारा, स्प्रे क्लीनर वगैरे वर अजिबात नाही. पाती पुसताना हलक्या हाताने. एक पातं वाकलं किंवा एकाच पात्यावर धूळ राहिली तरी फॅनचा तोल जातो आणि तो घरघरायला लागतो.

तबकडी उतरली आणि आतून जे निघालं ते बघून आई म्हणाली, "अगं बाई, यात तर गोधडी होईल!" टॉवेलची लव, केस, धूळ आणि वाफ यांचा दाबून बसलेला राखाडी नमदा. हा नुसता घाणीचा प्रश्न नाही. मोटार थंड राहते ती तिच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. हवा अडली की मोटार तापते आणि वर ही वाळलेली लव म्हणजे काडीपेटीतला कापूसच. साध्या एक्झॉस्ट फॅनमधून आग लागते ती अशीच. त्यात शेजारी अकराशे वॉट!

हवेच्या वाटेवर एक छोटी झडप असते. फॅन चालू झाला की उघडते, बंद झाला की मिटते, म्हणजे बाहेरचा गारठा उलटा आत येत नाही. आमची झडप लव आणि ओल यांच्या चिखलाने अर्धी मिटून चिकटली होती. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा फॅन तोंड दाबून ओरडत होता. थ्रूपुट शून्य, सीपीयू शंभर टक्के. आपल्या ऑफिसात असे काही लोक... असो.

छतावरची बुरशी मात्र बाबांना बाहेर पाठवून काढली. चार भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग पाणी, फडका, तोंडाला मास्क. कोरड्या झाडूने झटकली तर तिचे कण हवेत पसरतात आणि दमेकऱ्याच्या छातीत जातात. आणि हो, ब्लीच वापरणार असाल तर ब्लीचच वापरा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचच्या बाटलीवर याचा इशारा बारीक अक्षरांत लिहिलेला असतो आणि आपण कोणीच वाचत नाही.

सगळं परत बसवलं. टिश्यू पेपर धरला. या वेळी तो चिकटला, पण कसाबसा. बाबा म्हणाले, "मोटार थकलीय. बेअरिंगचं तेल सुकलंय. दोन वायरी सोडव, मोटार खाली दे, तासाभरात करून देतो."

इथे पहिला पेच आला. व्हिक्टोरिया राज्यात घराच्या पक्क्या वायरिंगला हात लावायचा तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लागतो. बल्ब बदला, तबकडी धुवा, पण वायर सोडवायची नाही. घर स्वतःचं असलं तरी नाही. आमचं तर भाड्याचं.

बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चौतीस वर्षं अकरा हजारच्या लाइनवर काम केलं रे. आणि इथे पंख्याचे दोन स्क्रू पिळायला परवाना?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. परक्या देशात मुलाच्या घरी बसून राहायचं, टीव्हीवरचं कळत नाही, रस्ता ओलांडायला मुलगा हात धरतो, आणि जे एक काम आपल्याला जगात सगळ्यात चांगलं येतं तेही करायचं नाही. मला काय बोलावं ते सुचेना. आईने चहा टाकला. संध्याकाळी त्यांनीच विषय काढला : "नियम बरोबर आहे. आकडे टाकणाऱ्यांना मी तरी काय वेगळं सांगायचो? ज्याचं काम त्याने करावं. बोलव त्यांच्या माणसाला."

इथे २९ मार्च २०२१ पासून भाड्याच्या घरांसाठी किमान दर्जाचे नियम लागू आहेत. घराच्या रचनेमुळे येणारी ओल आणि बुरशी नसावी, हवा खेळती असावी, हे त्यात येतं. नव्या करारांत दर दोन वर्षांनी वीज आणि गॅसची तपासणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. एजंटला फोटोंसकट ईमेल केला. त्याचं उत्तर आलं की खिडकी उघडी ठेवत जा. सहा अंशांत! मग नियमाचा उल्लेख करून दुसरा ईमेल केला. दहा दिवसांनी इलेक्ट्रिशियन आला. साठीचा, गुडघे दुखत होते त्याचे, तरी शिडीवरून छतात गेला आणि वरूनच ओरडला, "तुमची सगळी वाफ इथे माझ्याजवळ आहे!"

म्हणजे फॅनची हवा घराबाहेर जातच नव्हती. छप्पर आणि सीलिंग यांच्या मधल्या पोकळीत सोडलेली होती. जुन्या घरांत हे सर्रास आहे. २०२२ च्या नियमांनी नव्या घरांत ती थेट बाहेरच गेली पाहिजे असं केलं. आमच्या छतात लाकडं ओली होती आणि भरीला लोकरीसारखं इन्सुलेशन थेट हीट लॅम्पच्या डब्याला टेकलं होतं. ते बघून तो माणूस गंभीर झाला. २००९-१० मध्ये इथल्या केंद्र सरकारने घरोघरी छतात इन्सुलेशन घालायची योजना घाईघाईत राबवली होती. त्यात चार तरुण कामगार गेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. छतातल्या आगीही लागल्या. २०१४ मध्ये रॉयल कमिशनने त्याची चौकशी केली. गरम होणाऱ्या दिव्याभोवती मोकळी जागा सोडायची, एवढी साधी गोष्ट, पण ती छतात असते आणि छतात कोणी बघत नाही.

त्याने इन्सुलेशन मागे सारलं, नवं युनिट बसवलं, डक्ट ताणून छपराबाहेर काढला. बाबा खाली उभे राहून एकेक गोष्ट बघत होते. डक्टला मध्ये झोळ राहिला तर त्यात पाणी साचतं आणि हवा अडते, म्हणून त्याने तो ताठ बांधला. बाबांनी मान डोलावली. भाषा एक अक्षर सारखी नाही, पण क्लॅम्प हवा असला की बाबा तो आधीच हातात धरून उभे! शेवटी त्या माणसाने बाबांकडे बघून विचारलं, "ट्रेड?" बाबांनी मराठीत उत्तर दिलं, "लाइनमन." त्याला कळलं. हात मिळवला. त्या दिवशी बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

लेख इथे संपायला हरकत नव्हती. पण जाता जाता तो माणूस बैठकीच्या खोलीत थबकला. तिथे भिंतीत जुना गॅस हीटर, वर धुराड्याने छपराबाहेर गेलेला. आणि दाराखाली बाबांनी जुनी चादर गुंडाळून घट्ट लावलेली. खिडक्यांच्या फटींतही त्यांनी वर्तमानपत्र कोंबलं होतं. घर ऊबदार करायचं काम त्यांनी मनावर घेतलं होतं ना.

"हा हीटर शेवटचा कधी तपासलाय?" त्याने विचारलं. एजंटने दिलेल्या कागदांत त्याची नोंद नव्हती. तो म्हणाला, "तपासेपर्यंत लावू नका. आणि तपासणाऱ्याला सांगा, हा नवा फॅन चालू ठेवून तपास."

फॅनचा आणि हीटरचा काय संबंध? मी इंजिनिअर, बाबा वीज मंडळाचे, आणि दोघेही त्याच्याकडे बघत उभे.

संबंध असा. फॅन हवा निर्माण करत नाही. तो इथली हवा तिकडे फेकतो. सेकंदाला २५ लिटर हवा बाहेर गेली तर तेवढीच कुठून तरी आत आली पाहिजे. एरवी ती दाराखालच्या, खिडकीच्या फटींतून येते. फटी बुजवल्या की फॅन हवेसाठी दुसरी वाट शोधतो. घराला उरलेली सगळ्यात मोठी उघडी वाट कुठली? हीटरचं धुराडं. जो धूर वर जायचा तो उलटा घरात ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं सर्दी-तापाची कणकण आहे. तो पांघरूण घेऊन हीटरजवळ झोपतो.

हे पुस्तकी नाही. २०१० मध्ये व्हिक्टोरियातल्या मूरूपना गावी दोन लहान भाऊ घरातल्या गॅस हीटरमधून आलेल्या याच वायूने झोपेत गेले. २०१७ मध्ये मेलबर्नमध्ये एका महिलेचा असाच मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या चौकशीत हाच मुद्दा पुढे आला : घट्ट बंद घर, एक्झॉस्ट फॅन आणि जुना धुराड्याचा हीटर.

तीन दिवसांनी गॅसफिटर आला. त्याने खिडक्या-दारं लावून घेतली, हीटर पेटवला आणि धूर सोडणारी एक काडी हीटरच्या वरच्या फटीशी धरली. धूर सुरसुर वर गेला. मग त्याने बाथरूमचा फॅन लावला, स्वयंपाकघरातला लावला, आणि काडी पुन्हा धरली.

धूर थांबला. क्षणभर जागेवर घुटमळला. आणि मग सावकाश आमच्याकडे आला.

कोणीच बोललं नाही. आई सोफ्यावर बसली होती. रोज संध्याकाळी ती तिथेच, हीटरसमोर, विणकाम घेऊन बसायची. नवा फॅन लागल्यापासूनच्या त्या दोन-तीन संध्याकाळी तिचं डोकं जड व्हायचं, असं ती म्हणाली होती का? तपासणीची वाट बघताना हीटर बंद होता, त्यामुळे नसणारच. पण आधीच्या महिन्यात दोनदा म्हणाली होती. ती डोकेदुखी त्यामुळेच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, साधी थंडीही असू शकते. मी फक्त त्या धुराच्या रेघेकडे बघत होतो. ती नेमकी तिच्या खुर्चीच्या दिशेने वळली होती.

गॅसफिटरने हीटरचा कॉक बंद करून त्यावर लाल चिठ्ठी बांधली. या वेळी एजंटला दुसरा ईमेल करावा लागला नाही. दोन आठवड्यांत तिथे विजेवरचा एसी-हीटर आला. तोपर्यंत आम्ही सगळे एका खोलीत, दोन रजया आणि एक तेलाचा रेडिएटर घेऊन झोपलो. आईच्या मते मेलबर्नमधले ते सगळ्यात मजेचे दिवस.

बाबांनी त्या दिवशी स्वतः चादर काढली. म्हणाले, "तुझ्या आजीच्या न्हाणीघरात बंब होता. धुराने डोळे चुरचुरायचे. पण खिडकीला काच नव्हती, नुसते गज. आम्ही आजीला म्हणायचो, काच बसव, थंडी वाजते. ती म्हणायची, बंबाला श्वास लागतो." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "आपल्याकडचा गिझर कुठे आहे?"

आपल्याकडचा म्हणजे साताऱ्याचा. गॅस गिझर. बाथरूमच्या आत, दाराच्या मागे, छोट्या झरोक्याखाली. त्या झरोक्यात थंडी येते म्हणून एक्झॉस्ट फॅन बसवलेला, "फॅन आहे ना, मग काही होत नाही" असं म्हणून. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कोणी तरी दगावल्याची बातमी येते, आपण ती वाचून पान उलटतो. तिथे धुराडंही नसतं. ज्वाळा त्या इवल्याशा खोलीतलाच ऑक्सिजन खाते आणि जळणं अर्धवट होऊ लागलं की तिथेच विष सोडते. दार घट्ट, खाली फट नाही, तर फॅन नुसता फिरतो. आत काही येतच नाही, तर तो बाहेर काय फेकणार? इनपुट नाही तर आउटपुट नाही. आणि फॅन कितीही चांगला असला तरी गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. त्याला दुसरा पर्याय नाही.

ऑफिसात आपण एखादा कंपोनंट ऑप्टिमाइझ करतो आणि दुसरीकडची सिस्टीम कोसळते, तेव्हा त्यावर दोन तास मीटिंग होते. घरात ही मीटिंग कोणी घेत नाही. बुरशीवाला बुरशी बघतो, गारठा घालवणारा फटी बघतो, फॅनवाला फॅन. हवा सगळ्यांतून एकच वाहते.

तर या वीकेंडला एवढं करा. तुमच्या बाथरूमच्या फॅनला टिश्यू पेपर लावून बघा. मेन बंद करून त्याची जाळी धुवा. दाराखाली बोटभर फट आहे का बघा, ती बुजवू नका. घरात गॅसचा हीटर किंवा गिझर असेल तर जाणकार माणसाकडून, सगळे फॅन चालू ठेवून, तपासून घ्या. व्हिक्टोरियात ही तपासणी दर दोन वर्षांनी करा असं सांगतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तोही घ्या, पण तपासणीऐवजी नको, तपासणीच्या जोडीला. आणि आई-बाबांना फोन करून विचारा, गिझर कुठे आहे.

मागच्या रविवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन हातात धरून मला आधी बाथरूम दाखवलं. भिंतीवर चार भोकं आणि गिझरच्या आकाराचा स्वच्छ पांढरा चौकोन. मग फोन मागच्या गॅलरीत गेला. तिथे गिझर, नवा पाइप, आणि शेजारी तोंड पुसत उभा असलेला त्यांचा जुना असिस्टंट.

"स्क्रू मीच पिळले," बाबा म्हणाले. "इथे मला परवाना आहे."

मागून आईचा आवाज आला, "आणि खोकला विचार त्यांना!"

"बरा आहे," बाबा म्हणाले, आणि शेजारच्यांचा गिझर बघायला निघून गेले. फोन तसाच गॅलरीच्या कठड्यावर, आकाशाकडे तोंड करून.